ऐकू न येणारं वाद्य



२०२४च्या पावसाळ्यात मी घरच्या घरी एक व्हिडिओ केला. तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा. त्यात छप्पन्न वर्षांचा, चष्मा लावलेला एक माणूस लाकडी खुर्चीवर बसून बेस गिटार वाजवतो आहे. तो माणूस मी. मागे भिंतीवर दिनदर्शिका आहे, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल आहे. यापलीकडे त्यात पाहण्यासारखं काही नाही. पण तो करायला मला अकरा दिवस लागले, आणि त्या अकरा दिवसांत मी स्वतःविषयी जे शिकलो ते तीस वर्षांत शिकलो नव्हतो. आज त्याच अकरा दिवसांची गोष्ट सांगणार आहे.

मी कविता लिहितो हे थोड्या लोकांना माहीत आहे. मी बेस गिटार वाजवतो हे त्याहून थोड्या लोकांना माहीत आहे. यात लोकांची चूक नाही. बेस गिटार हे वाद्यच असं आहे, की वाजत असताना कुणाचं लक्ष जात नाही.

नेहमीच्या गिटारला सहा तारा असतात. बेसला बहुधा चारच, पण दोरीसारख्या जाड. आवाज खालचा, घुमणारा. पूर्वी वाद्यवृंदात हे काम माणसाएवढ्या उंचीचं, उभं धरून वाजवायचं डबल बेस करत असे. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर या कारागिरानं गळ्यात अडकवता येईल असा विजेवरचा बेस बाजारात आणला. त्यावर सतारीसारखे पडदे होते, त्यामुळे सूर नेमका लागायचा. म्हणून त्याचं नावच ‘प्रिसिजन’ ठेवलं. आज जगभर जो बेस वाजतो त्याची घडण बरीचशी तीच आहे.

मी मिरजेचा. तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीतून शाळेत जायचो. दारोदार सुकत ठेवलेले भोपळे, लाकडाचा भुसा, आणि आतून कुणीतरी तार छेडून पाहत असायचं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्हां गावकऱ्यांची छाती फुगली. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. लहानपणी तिथे मी गाणाऱ्यापेक्षा मागे बसून तंबोरा छेडणाऱ्याकडे जास्त पाहायचो. त्या तंबोऱ्याची शेवटची तार म्हणजे खर्ज. ती छेडली की बाकीच्या तारांना बसायला जागा मिळाल्यासारखं वाटायचं. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला साधारण ६९ वेळा कंप पावतो. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ वेळा. म्हणजे आमच्या खर्जाच्याही खाली. पुढे कुणी मला बेस म्हणजे काय विचारलं, की मी सांगायचो, “ऑर्केस्ट्रातला खर्ज.”

ऑर्केस्ट्रात मी शिरलो तो १९८९मध्ये. बी.ए. झालो होतो, नोकरी लागत नव्हती. तेव्हा गावोगाव ऑर्केस्ट्रा होते. गणपतीत दहा दिवस, मग लग्नसराई, उरूस, जत्रा. आमचा ऑर्केस्ट्रा बारा जणांचा होता. आमच्या बेसवाल्याला आखातात नोकरी लागली आणि जाताना त्यानं आपली गिटार मला हप्त्यांवर विकली. “चारच तारा आहेत, जमेल तुला,” एवढंच त्याचं शिक्षण. बाकीचं मी टेपरेकॉर्डर पुढे-मागे करून शिकलो. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस असायचा. कॅसेटच्या वेष्टणावर त्यांचं नाव नसायचं. नाव मला फार उशिरा कळलं, हात मात्र आधीच ओळखीचा झाला होता.

एकदा आमच्या मोहल्ल्याजवळच कार्यक्रम झाला. अम्मा पहिल्यांदा ऐकायला आली. बायकांच्या बाजूला, मागे बसली. मी नवा शर्ट घालून तीन तास वाजवलं. रात्री घरी आल्यावर ती जेवण वाढता वाढता म्हणाली, “सब बजा रहे थे. तू क्या कर रहा था रे?”

चेष्टा नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं. ढोलकी दिसत होती आणि ऐकू येत होती. अकॉर्डियन, ट्रम्पेट, ऑक्टोपॅड, सगळं कळत होतं. मी मात्र कोपऱ्यात उभा राहून बोटं हलवत होतो. मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती “अच्छा, अच्छा” म्हणाली आणि आणखी एक भाकरी वाढली.

पुढे आमच्या गायकाच्या लग्नात कुणीतरी व्हिडिओ काढला. ती व्हीएचएस कॅसेट मी मुद्दाम मागून आणली. म्हटलं, आता अम्माला दाखवू. कॅमेऱ्यावरच्या इवल्याशा माइकनं सगळं टिपलं होतं. लहान मुलांचं रडणंसुद्धा. बेस तेवढा नव्हता. मी दिसत होतो, ऐकू येत नव्हतो.

सत्त्याण्णवच्या सुमारास ऑर्केस्ट्राच्या मालकांनी मला बोलावून घेतलं. नवा कीबोर्ड आला होता. डाव्या हातानं एक पट्टी दाबली की त्यातून बेस आपोआप वाजायचा. “वाईट वाटून घेऊ नका,” ते म्हणाले. एक माणूस कमी झाला की गाडीत जागा होते, हा हिशेब मलाही कळत होता. माझ्या मागून एकेक करत बाकीचेही गेले. गिटार मी गादीच्या कव्हरात घालून माळ्यावर ठेवली. वर्षातून दोनदा काढायचो, पुसायचो, थोडं वाजवायचो.

आता व्हिडिओ का केला ते सांगतो. २०२४च्या सुरुवातीपासून माझ्या डाव्या हाताची अनामिका अडकू लागली. सकाळी मूठ मिटली की ते बोट मिटलेलंच राहायचं. दुसऱ्या हातानं उघडायला गेलं की खटका उडाल्यासारखं उघडायचं. डॉक्टरांनी सांगितलं, याला ‘ट्रिगर फिंगर’ म्हणतात. बोट हलवणारी शिर एका नळीसारख्या आवरणातून सरकते. ते आवरण जाड झालं, की शिर अडकते. मधुमेह असणाऱ्यांत हे जास्त आढळतं, आणि मला तो बारा वर्षांपासून आहे. आधी विश्रांती, मग इंजेक्शन, नाही जमलं तर लहानशी शस्त्रक्रिया. बहुतेकांचं बोट चांगलं होतं, असा धीरही त्यांनी दिला.

मला धीर आला नाही. कारण एका धूनेचा प्रश्न होता. आमचा कार्यक्रम सुरू व्हायचा तो आमच्याच अकॉर्डियनवाल्यानं बांधलेल्या धूनेनं. पडदा उघडताना वाजायची. ती कुठे लिहिलेली नाही, कुठल्या कॅसेटवर नाही. बांधणारा माणूस २०२१मध्ये गेला. वरची चाल दोघातिघांच्या ओठांवर आहे. पण तिच्या खाली चालणारा बेस फक्त माझ्या बोटांत होता, आणि त्यातल्या अवघड जागा नेमक्या अनामिकेच्या होत्या. ते बोट बंद पडलं तर ती धून अर्धी जाणार. मी ठरवलं, इंजेक्शनाच्या आधी हे कुठेतरी ठेवायचं.

पहिल्या दिवशी मी मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवला, भाड्यानं आणलेल्या अँप्लिफायरला गिटार जोडली आणि वाजवलं. वेळ निवडली होती पहाटेची. फजरची नमाज झाल्यापासून दूधवाला येईपर्यंत गल्लीत शांतता असते. वाजवून झाल्यावर मोबाइलवरच ऐकलं. पंखा ऐकू आला. तारेवर बोट घासल्याचा आवाज ऐकू आला. माझा श्वास ऐकू आला. बेस नव्हता. तीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटसारखाच, पुन्हा.

माझा भाचा अभियांत्रिकी शिकतो. तो हसला आणि म्हणाला, “मामू, आधी हेडफोन लावून ऐका.” हेडफोनमधून बेस थोडा ऐकू आला. मग त्यानं समजावलं ते असं. मोबाइलचा स्पीकर बोटाच्या पेराएवढा. सेकंदाला ४१ कंपनांचा सूर काढायला हवा ढकलावी लागते, आणि तेवढी हवा त्या कपच्याला ढकलता येत नाही. पण जाड तार फक्त ४१ वेळाच हलत नाही. तिच्या पोटात दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाची बारीक कंपनंही असतात. स्पीकर ती वरची कंपनं देतो, आणि ती नेमक्या पटीत असल्यामुळे आपला कान खालचा मूळ सूर स्वतःच भरून काढतो. नसलेला सूर ऐकू येतो. कवितेत न लिहिलेली ओळ वाचणाऱ्याला ऐकू यावी तसं हे. मला फार आवडलं. पण कानाला भरून काढायला काहीतरी आधार लागतो, आणि माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तोही नव्हता.

कारण मोबाइलचा माइक बनवलेला असतो बोलण्यासाठी. अनेक फोन वाऱ्याचा घोंगावा टाळायला खालचे सूर गाळूनच घेतात. शिवाय आवाज मोठा झाला की फोन आपणहून तो दाबतो आणि लहान झाला की उचलतो. म्हणून मी जोरात तार छेडली की आवाज बसायचा आणि मी थांबलो की पंखा वर यायचा. माझ्या शांततेच्या जागी पंखा वाजत होता.

दुसरी वाट म्हणजे खोलीतला आवाज घ्यायचाच नाही. बेसच्या पोटात तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं. पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज निर्माण होते. तीच वीज एका लहान पेटीतून सरळ संगणकात नेता येते. भाच्याकडे तशी पेटी होती. चित्र मोबाइलवर घ्यायचं, आवाज संगणकात, आणि नंतर दोन्ही जुळवायचे. याचा मोठा फायदा असा, की स्वयंपाकघरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी तारेला त्याचा पत्ता नसतो. पहाटेची गरज संपली. उलट भरदिवसा, खिडकीपाशी, उजेडात बसता येऊ लागलं.

पण पेटी जोडली आणि एक गुणगुण सुरू झाली. तारांना हात लावला की कमी व्हायची, हात काढला की परत. ती घरातल्या विजेची होती. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, आणि गिटारचं वेटोळं ती हवेतून पकडतं. मी कान देऊन ऐकलं, तर सूर ओळखीचा वाटला. जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर जो सूर वाजतो त्याची कंपनं ४९. म्हणजे आपल्या घराच्या भिंतींतून चोवीस तास जवळजवळ तोच सूर वाहत असतो! माझ्या धूनेत तो सूर अनेकदा येतो. ट्यूबलाइट बंद केली, संगणकापासून दूर सरकलो, खुर्ची फिरवली. एका विशिष्ट कोनात बसल्यावर गुणगुण जवळजवळ गेली. तो कोन आम्ही फरशीवर खडूनं आखून ठेवला.

मग कॅमेरा. समोरच्या कॅमेऱ्यानं घेतलं तर मी डावखुरा दिसलो, कारण काही फोन आरशासारखं उलटं चित्र साठवतात. मागच्या कॅमेऱ्यानं घेतलं तर डोकं कापलं गेलं. खिडकी पाठीमागे होती तेव्हा मी नुसती काळी आकृती झालो. आणि उन्हात घेतलं तेव्हा तर नवलच झालं: तारा सापासारख्या वळवळताना दिसल्या. भूत नव्हतं. मोबाइलचा कॅमेरा अख्खं चित्र एका क्षणात घेत नाही, ओळीओळीनं घेतो. तो वरून खाली येईपर्यंत तार हललेली असते. त्यामुळे सरळ तार लाटेसारखी दिसते. पाहायला छान, पण खोटं. आम्ही पडदा अर्धा ओढला.

शेवटी कॅमेरा माझ्या डाव्या बाजूला, थोडा वर ठेवला. त्यातून दोन्ही हात दिसत होते. चेहरा नको, असं मी भाच्याला म्हणालो. त्यानं मला एका कोरियन मुलाची गोष्ट सांगितली. लिम जोंग-ह्यून त्याचं नाव. २००५ साली त्यानं आपल्या खोलीत, पलंगावर बसून, गिटारवर पाखेलबेलच्या प्रसिद्ध रचनेचं रॉक रूप वाजवतानाचा व्हिडिओ केला. मागे खिडकीतून लख्ख ऊन, डोक्यावर टोपी, चेहरा दिसतच नाही. लोकांनी आपल्या चुका दाखवाव्यात म्हणून त्यानं तो इतरांपुढे ठेवला होता. जगभर लाखो लोकांनी पाहिला, आणि हा मुलगा कोण याचा शोध घेऊन २००६मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात लेख आला. ऐकून मला बरं वाटलं. म्हटलं, टोपी माझ्याकडेही आहे. भाचा म्हणाला, “मामू, तो चेहरा लपवत होता. तुमचा तर आधीच कुणाला माहीत नाही.” चेहरा ठेवला.

वाजवण्याआधी मी कॅमेऱ्यासमोर एक टाळी द्यायची, असं ठरलं. सिनेमात ती पाटी आपटतात ना, त्याचसाठी. चित्रात हात भेटतात तो क्षण आणि आवाजात टाळीचा खटका, हे दोन एकावर एक ठेवले की पुढचं सगळं जुळतं. टाळीपुरता आम्ही संगणकाला एक माइक लावला. भाच्यानं माझ्याकडून ऐकून ऐकून वरची चाल कीबोर्डवर बसवली होती आणि तालयंत्रावर ठेका लावला होता. ते माझ्या कानात वाजणार, मी खाली बेस धरणार.

आणि मग सुरू झालं खरं दुखणं. लाल ठिपका दिसला की माझा हात बदलायचा. हजार माणसांसमोर मी कधी घाबरलो नव्हतो, पण एका मोबाइलसमोर तळव्याला घाम फुटायचा. मंचावर चूक झाली तर ती पुढच्या मात्रेत वाहून जाते. इथे ती राहणार असते. तिसऱ्या मिनिटाला चूक झाली की पुन्हा टाळीपासून सुरुवात. एका दुपारी चौदा वेळा टाळी दिली. शेजारच्या लहान मुलीनं खिडकीतून विचारलं, “काका, एकटेच टाळ्या का वाजवताय?” उत्तर नव्हतं.

सातव्या दिवशी एक बरा प्रयत्न हाती लागला. रात्री सगळे झोपल्यावर मी तो पाहिला. एकदा पूर्ण, मग थांबवून थांबवून. श्रोतेहो, आपला आवाज प्रथम रेडिओवर ऐकल्यावर जो धक्का बसतो, तो मी पचवलेला आहे. हा त्याहून मोठा होता.

पहिली गोष्ट दिसली ती अनामिकेची. मी तार गरजेपेक्षा कितीतरी जोरात दाबत होतो. नखाखालची कातडी पांढरीफटक पडत होती. तारेचा सूर स्वच्छ लागायला बोट पडद्याच्या अगदी लगत ठेवावं लागतं, मग दाब फार लागत नाही. माझं बोट दोन पडद्यांच्या मधोमध पडत होतं, आणि कमी पडलेली जागा मी जोर लावून भरून काढत होतो. मनगट दुमडलेलं होतं. तीस वर्षं असंच. दुखणं त्यामुळेच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत आणि मीही म्हणणार नाही. पण अडकणाऱ्या बोटावर रोज एवढा ताण देणं शहाणपणाचं नव्हतं, एवढं मला दिसलं. शिकवणारा गुरू असता तर पहिल्याच आठवड्यात टोकलं असतं. मला गुरू नव्हता. मोबाइल निघाला.

दुसरी गोष्ट ऐकू आली. धून वळण घेते त्याच्या आधीच्या मात्रेला मी किंचित पुढे पळत होतो. प्रत्येक वेळी, त्याच जागी. तालयंत्र समेवर येण्याआधी मी पोहोचलेला. मला वाटायचं, त्या जागी मी जोश आणतो. तो जोश नव्हता, धास्ती होती. अवघड जागा लवकर संपवायची घाई.

हे पाहून मला माझं कवितावाचन आठवलं. तिथेही शेवटच्या ओळीआधी मी घाई करतो. पण तिथे समोरून “वा” येतं आणि घाई झाकली जाते. मुशायऱ्यात तर ओळ अर्धी असतानाच दाद सुरू होते. दाद ही फार चांगली गोष्ट आहे, पण तिच्या आवाजात स्वतःचं काही ऐकू येत नाही. घरच्या व्हिडिओत दाद देणारं कुणी नसतं. टीका करणारंही नसतं. जे झालं ते फक्त परत दाखवलं जातं, मागाल तितक्या वेळा.

तिसरी गोष्ट चांगली होती. सूर थांबवण्याची. बेसची जाड तार छेडली की बराच वेळ घुमत राहते. ती वेळेवर गप्प केली नाही तर पुढचा सूर चिखलात पडतो. म्हणून बेसवाल्याचं निम्मं काम वाजवण्याचं आणि निम्मं थांबवण्याचं. माझी उजव्या हाताची बोटं, तळहाताची कड, डाव्या हाताची करंगळी, सगळे मिळून नको असलेल्या तारा गुपचूप धरून ठेवत होते. हे मी करतो हे मलाच माहीत नव्हतं. कुणी शिकवलं नव्हतं. बारा माणसांच्या ऑर्केस्ट्रात इतरांना जागा देता देता हात शिकला असावा.

त्या रात्री मला एका माणसाची आठवण आली, ज्याला मी कधी पाहिलं नाही. जेम्स जेमर्सन. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात मोटाउन या कंपनीच्या शेकडो गाण्यांवर त्यांचा बेस आहे. उजव्या हाताची जवळजवळ फक्त तर्जनी वापरून ते वाजवायचे. सगळं जग त्या गाण्यांवर नाचलं, पण वादकांची नावं तबकड्यांवर छापायची पद्धत त्या कंपनीत नव्हती. १९७१मध्ये मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या तबकडीवर ती छापली गेली, तोवर दहाएक वर्षं उलटली होती. १९८३मध्ये जेमर्सन गेले. त्यांच्यावर आणि त्यांच्या साथीदारांवर माहितीपट निघाला तो २००२मध्ये. आपल्याकडच्या चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षं हेच झालं. गोव्याहून, मुंबईच्या गल्ल्यांतून आलेले किती वादक त्या गाण्यांत आहेत, आणि नावं किती थोड्यांची ठाऊक आहेत. आज काळ थोडा बदलला आहे. मुंबईची मोहिनी डे ही तरुण मुलगी बेस गिटार हाती घेऊन जगभर मंचाच्या मध्यभागी उभी राहते, लोक तिलाच ऐकायला येतात. तिचे वडीलही बेसवादक. त्यांनीच तिला शिकवलं.

अनामिका म्हणजे जिला नाव नाही ती. मराठी लिहीत असूनही या शब्दाकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. बोट अडकलं तेव्हा पाहिलं.

पुढचे तीन दिवस मी व्हिडिओ केलाच नाही. फक्त सराव केला. बोट पडद्याच्या लगत, दाब कमी, मनगट सरळ. वळणाच्या जागी मनातल्या मनात “थांब” म्हणायचं. दुखलं की बंद. अकराव्या दिवशी दुपारी बसलो, टाळी दिली आणि वाजवलं. दुसऱ्याच वेळी झालं. त्यात एक चूक आहे. अडीच मिनिटांच्या सुमारास अनामिका क्षणभर अडकते आणि एक सूर गळतो. भाचा म्हणाला, दुसऱ्या ठिकाणचा सूर उचलून तिथे चिकटवता येईल, कुणाला कळणार नाही. मी नको म्हटलं. ते बोट तेव्हा तसं होतं.

व्हिडिओ मी आमच्या जुन्या ऑर्केस्ट्रातल्या उरलेल्या सात जणांना पाठवला. अकॉर्डियनवाल्याच्या मुलालाही पाठवला. त्याचा फोन आला, पण तो फार बोलला नाही. धून पुन्हा पुन्हा लावून ठेवली होती, मागे ऐकू येत होती.

आणि अम्मा. ती आता ऐंशीची आहे. तिला व्हिडिओ दाखवायला भाच्यानं संगणकाला मोठे स्पीकर जोडले. तिनं शांतपणे सगळं पाहिलं. “अच्छा है,” म्हणाली. तोच आवाज, भाकरी वाढतानाचा. मी ओळखलं, आजही तिला कळलेलं नाही.

तेव्हा भाच्याच्या मनात काय आलं कोण जाणे. आवाज वेगवेगळे घेतलेले असल्यामुळे हवा तो बंद करता येतो. त्यानं धून पुन्हा सुरू केली आणि मध्येच, काही न सांगता, माझा बेस बंद केला. कीबोर्ड चालू, ठेका चालू, पडद्यावर माझी बोटंही चालू.

अम्मानं मान वर केली. इकडेतिकडे पाहिलं. “क्या निकाल्या रे?” ती म्हणाली. “खाली खाली लगता है.”

पस्तीस वर्षांपूर्वी तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी देणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण ती माझ्याकडे पाहतच नव्हती, ती भाच्याला सांगत होती, “जो था वो फिर लगा.”

त्यानं लावलं.

इंजेक्शन मी पुढच्या आठवड्यात घेतलं. बोट बरंच मोकळं झालं आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी अजून थोडं अडकतं, तेव्हा कोमट पाण्यात धरतो आणि मग गिटार घेतो. गिटार आता माळ्यावर नसते, खुर्चीजवळ असते. फरशीवरची खडूची खूण पुसली गेली होती. ती मी पुन्हा आखून घेतली आहे.